खटका आणि ताईचं मशीन

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "चालू व्हायला किती वेळ लागतो हे?"

"विचारून झालं तुमचं?" खटका म्हणतो. "मग झालंय चालू. बघा."

गिऱ्हाईक वळून बघतं, तर पडद्यावर एक चौकोनी ठिपका लुकलुकत असतो. गोल फिरणारं काही नाही, 'कृपया थांबा' नाही. बटण दाबलं की मशीन हजर, टेबल फॅनसारखं.

खटका हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी कुणाच्याही घरी गेला की तो आधी भिंतीवरचे खटके दाबून बघायचा. यजमान 'बसा' म्हणायच्या आत दिवा, पंखा, पाण्याची मोटार, सगळं सुरू. तेव्हा पडलेलं नाव आता दुकानाच्या पाटीवर आहे. बायको तेवढी 'अहो' म्हणते, आणि चिडली की तीही खटकाच म्हणते.

टीव्ही दुरुस्तीचे दिवस संपल्यावर त्यानं हा उद्योग धरला. पत्त्यांच्या जोडाएवढा एक बोर्ड येतो. अख्खा कॉम्प्युटर त्या एका पट्टीवर असतो. तो नुसता जोडला तर आधी आळोखेपिळोखे देतो. ओळीच्या ओळी धावतात, मग चित्र येतं, मग कुठे तो डोळे उघडतो. खटका हा मधला सगळा कारभार काढून टाकतो. बोर्डाच्या मेमरी कार्डावर एवढंच ठेवतो की त्यानं स्वतःला जुन्या काळचा घरगुती कॉम्प्युटर समजावं. दुसरं काही व्हायची सोयच नाही. मग तो बोर्ड पिवळ्या पडलेल्या जुन्या कीबोर्डच्या पोटात बसवतो आणि तारा जुन्याच कळांना जोडतो. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं येतात आणि काउंटरशी उभ्याउभ्या खेळातली अवकाशयानं पाडत राहतात. त्यांच्या बायका बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवतात.

घरात खटक्याच्याही आधी ज्या व्यक्तीनं असं मशीन चालवलं ती त्याची थोरली बहीण. ताई स्वेटरची डिझाइनं काढायची. पडद्यावर चौकटींचा कागद, त्यातली एक चौकट म्हणजे एक टाका. त्यासाठीचा प्रोग्रॅम तिनं ऐन तारुण्यात स्वतः लिहिला होता आणि कॅसेटवर भरून ठेवला होता; दर वेळी टेप लावून तो मशीनमध्ये उतरवायचा. भोवतीच्या जगानं मशीनं बदलली, पुन्हा बदलली. ताईनं फक्त कॅसेट प्लेअरचा पट्टा बदलला.

मग तिच्या मेंदूत एक लहानशी गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणंही परत आलं. पण मनात धरलेली गोष्ट वाटेतच सुटून जायची. स्वयंपाकघरात जायची आणि दारात उभी राहायची. "मी कशाला आले होते बरं?" ती हॉस्पिटलात असताना तिचं मशीनही बंद पडलं. आतली मुख्य चिप खटक्याला मिळाली नाही, म्हणजे कुठेच नव्हती.

ताईच्या मुलीनं लॅपटॉप आणून दिला. ताई बटण दाबायची, पडद्यावरचं फिरणारं चक्र बघत बसायची आणि चक्र थांबेपर्यंत आपण इथे का बसलोय हेच तिच्या लक्षात राहायचं नाही. उठून जायची.

"मामा, मी आईला माझ्याकडे नेतेय," भाची फोनवर म्हणाली. ती दुसऱ्या शहरात बँकेत होती. "रविवारची तिकिटं काढलीत."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. 'बघू' म्हणाली. अर्ध्या तासानं म्हणाली, 'तू मला काहीतरी विचारलंस का?' आता काय करू, सांग."

"मी तिचं मशीन परत चालू करतो. ते होऊ दे की आधी."

"मामा, खेळणं आहे ते."

"असेल. तिचं आहे."

मग भाची म्हणाली, "ठीक आहे. तिनं स्वतः बसून एक डिझाइन काढलं, तर मी नाही नेणार. एकच. पण तिनं काढायचं, तू नाही."

खटक्यानं गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. ताईचाच कीबोर्ड घेतला, कळा धुतल्या, आत बोर्ड बसवला. ताईची कॅसेट साफ करून तिच्यातला प्रोग्रॅम कार्डावर उतरवला. मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि तो भलताच खूश झाला. तो लुकलुकता ठिपका तरी कशाला हवा? बटण दाबलं की थेट ताईचा चौकटींचा कागदच पडद्यावर! ताईला वाट बघायलाच लावायची नाही.

शनिवारी सकाळी सगळे ताईच्या खोलीत जमले. खटका, त्याची बायको, आदल्या दिवशी आलेली भाची. टेबल तेच, जुना टीव्ही तोच, शेजारी कॅसेट प्लेअर शोभेला. ताई येऊन बसली, कीबोर्डवरून हात फिरवला.

"धुतलास?"

"हो."

"बरं केलंस. कळकट झाला होता."

तिनं बाजूचं बटण दाबलं. चौकटींचा कागद झटक्यात हजर झाला. खटक्यानं भाचीकडे असं बघितलं, जणू नाटकाचा पडदा वर गेलाय आणि आता टाळ्याच यायच्या आहेत.

ताई पडद्याकडे बघत राहिली. "हे कुणाचं?"

"तुझंच, ताई."

"माझं नाही." तिनं मशीन बंद केलं आणि उठून गॅलरीत गेली.

भाचीनं कपाटावरची बॅग खाली काढली.

दुकानाकडे परत जाताना खटका पाय आपटत चालत होता. "यापेक्षा लवकर जगात काही चालू होत नाही! आणखी काय करायचं माणसानं?"

"तुम्ही पडद्याकडे बघत होतात," बायको म्हणाली.

"मग कुठे बघायचं?"

"त्यांच्या हातांकडे. बटण दाबल्या दाबल्या हात वर आले होते, टाइप करायला. मग उजवा हात त्या टेपकडे निघाला. आणि तुमचा कागद आधीच येऊन बसलेला! करायला काही ठेवलंतच नाही तुम्ही. दोन्ही हात तसेच खाली गेले."

खटका रस्त्यात थांबला. मागून येणारा सायकलवाला त्याला शिव्या देत वळसा घालून गेला.

"तिचं जुनं मशीन लवकर चालू व्हायचं," तो म्हणाला. "टेप नाही."

"मला त्यातलं कळत नाही. मी हात बघितले."

उरलेला दिवस त्यानं स्वतःचीच हुशारी उचकटण्यात घालवला. मशीन लुकलुकत्या ठिपक्याशी थांबायला हवं होतं आणि प्रोग्रॅम टेपवरून यावा तसाच यायला हवा होता, पूर्वीच्याच संथ चालीनं, टेप वाचताना होणाऱ्या पूर्वीच्याच किंचाळण्यासकट. कॅसेट प्लेअरच्या प्ले बटणाखाली त्यानं एक छोटा खटका बसवला आणि त्याची तार बोर्डाला जोडली, म्हणजे प्ले दाबलं की बोर्डानं कार्डावरचा प्रोग्रॅम उतरवायला घ्यावा.

रविवारी सकाळी बॅग दाराशी उभी होती.

"मामा, गाडी दुपारची आहे," भाची म्हणाली. "पुन्हा तेच करून तिला रडवू नकोस."

"ती कुठे रडली? उठून गेली."

"मी रडले."

खटक्यानं ताईला हाक मारली. ताई आली, बसली, बटण दाबलं. ठिपका लुकलुकला. तिचे हात वर आले. खटका या वेळी हातच बघत होता. बोटांनी कळा शोधल्या नाहीत. टेप वाचायचा हुकूम सरळ टाइप झाला, शेवटची कळ ठासून दाबली गेली, उजवा हात प्ले बटणावर गेला आणि खोलीभर ती जुनी चिरकी किंचाळी घुमली.

आणि ताई उठली. खुर्ची मागे सारून आतल्या खोलीत निघून गेली.

भाचीनं डोळे मिटले. "झालं. विसरली."

"थांब," मामी म्हणाली.

"मामी, किती वेळा थांबू?"

टेप किंचाळत राहिली. कुणीच मशीन बंद केलं नाही. खटक्यानं खुर्चीला हात लावला, तर बायकोनं तो मागे ओढला. किंचाळी थांबली. पडद्यावर चौकटींचा कागद आला. आणि दारातून लोकरीची टोपली घेऊन ताई आली.

"असे काय उभे आहात सगळे? कुणी गेलं का?"

"आई, तू कुठे गेली होतीस?"

"लोकर आणायला. टेप चालू असताना काय तिचं तोंड बघत बसायचं?" ताई बसली, चष्मा लावला. "इकडे ये. छाती किती तुझी?"

"आई!"

"स्वेटरची विचारतेय. सुटलीयस जरा."

भाचीनं माप सांगितलं. ताईनं काही मनाशी पुटपुटत खालची कड भरायला घेतली. एक ओळ तिनं दोनदा भरली. भाचीनं तोंड उघडलं, मामीनं तिला चिमटा काढला. आणखी दोन ओळी वर गेल्यावर ताईच थांबली, "हे काय भलतंच," म्हणत मागे आली आणि जादा ओळ पुसून टाकली.

"आणि हे प्ले बटण जड का लागतंय रे?"

"खाली खटका बसवलाय."

"जिथे तिथे खटका!" ताई म्हणाली.

डिझाइन संपलं तेव्हा गाडीची वेळ जवळ आली होती. भाचीनं बॅग उघडली, वर घडी करून ठेवलेल्या आईच्या साड्या काढून कपाटात लावल्या आणि एकटीच स्टेशनवर गेली.

पुढच्या आठवड्यात खटक्यानं प्ले बटणाची स्प्रिंग बदलली. आता ते फार हलकं लागतं, अशी ताईची तक्रार आहे.