सातवा ठिपका

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शिकवायला नको — भूत, भानामती, करणी, उतारा... यातलं मी काही म्हणजे काहीही मानत नाही. आमच्या घरी ते चालतच नाही. बाबा भद्रावतीच्या फॅक्टरीत होते, मी तिथल्या कॉलनीत वाढले आणि पाढ्यांच्या आधी मला धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या. त्यात मी नर्स. सोळा वर्षं झाली, चंद्रपूरच्या एका रुग्णालयात बायकांच्या सर्जिकल वॉर्डात आहे. लिंबू दिसलं की मला सरबत आठवतं, दुसरं काही नाही.

तरीही लिहितेय. एक तर या सदरात नुसते घाबरवणारेच किस्से येतात आणि माझा किस्सा आनंदाचा आहे. दुसरं म्हणजे, जे झालं ते माझ्याच हाताने झालं. अक्षरशः हाताने.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. जयवंती नावाची एक मुलगी आमच्याकडे दाखल झाली. मुलगी म्हणजे तिशीची बाई, गाव गडचिरोलीकडे, धानोरा तालुक्यात. झाडीपट्टीच्या नाटकांत नाचणारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. चार-पाच महिने नटनट्या रोज वेगळ्या गावात. जयवंतीचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत यायचं. पण आमच्याकडे आली तेव्हा एकशे तीन ताप, उजवी मांडी सुजून खांबासारखी आणि चेहऱ्यावर मेकअप. तापात लिपस्टिक लावून आलेली पेशंट मी पहिल्यांदाच पाहिली.

"काय झालं?"

"मोटरसायकलवरून पडली जी."

मी स्पंज करायला घेतलं. उजवी मांडी तापलेली, कडक, जागोजागी गाठी. डाव्या मांडीतही तशाच गाठी, फक्त ती तापलेली नाही. मी म्हटलं, "बाई, पडलीस तर एका बाजूला पडशील. दोन्ही बाजूला सारखी कशी पडलीस? उलटून-पालटून?"

आधी हसली, मग रडायला लागली. खरं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या पार्लरमध्ये — डॉक्टर नाही, दवाखाना नाही, पार्लर! — कुणा बाईने तिला कमरेखाली दोन्ही बाजूंना सिलिकॉनची इंजेक्शनं दिली होती. अंग भरलेलं दिसेल, लावणी खुलेल म्हणून. टोचलेल्या जागा फेविक्विकने बंद केल्या. हो, फेविक्विक. त्या बाईला माझ्यासमोर आणा, मग बघा मी कोणती प्रतिज्ञा मोडते ते.

हे पातळ सिलिकॉन एका जागी बसत नाही. मांसातून वाट काढत खाली उतरतं, शरीर त्याच्याभोवती गाठी बांधतं आणि त्यात एकदा जंतू शिरले की मग नाकी नऊ येतात. आमच्या सरांनी, म्हणजे सर्जननी, लगेच अँटिबायोटिक सुरू केलं, पू तपासायला पाठवला, एमआरआय काढला. इतक्या तापलेल्या मांडीवर लगेच मोठं ऑपरेशन नको, आधी इन्फेक्शन आटोक्यात येऊ दे, असं त्यांचं म्हणणं.

आता आमची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. इन्फेक्शन पसरतंय की आटतंय हे कळावं म्हणून आम्ही त्याच्या कडेने कातडीवर मार्करने रेघ मारतो, शेजारी तारीख-वेळ. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती धड दिसत नाही, म्हणून मी हाताची मागची बाजू टेकवत जाते. जिथे गरम संपून गार लागतं तिथे रेघ. चार दिवसांत चार रेघा झाल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन बोटं खाली.

पाचव्या दिवशी राउंडला सर हळू आवाजात मला म्हणाले, "गुडघ्याच्या सांध्यात शिरलं तर पाय वाचवणं माझ्या हातात राहणार नाही."

सरांचा हळू आवाज म्हणजे अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातो. ते गेल्यावर जयवंतीने माझा हात धरला. "ताई, पाय गेला तर मी कोन? मले दुसरं काईच येत नाई."

मी तिचं पांघरूण नीट केलं आणि पुढच्या बेडकडे वळले.

त्याच दुपारी भेटीच्या वेळेत तिच्या गावची यमुनाबाई आली. सत्तरीची, काटक, फडक्यात मोहाच्या फुलांचे लाडू बांधून आणलेले. ही गोंदणारी. त्या भागातल्या कितीतरी बायकांच्या अंगावरचं गोंदण तिच्या सुयांचं. तिने आल्या आल्या पांघरूण बाजूला केलं आणि डाव्या पायाकडे बोट दाखवलं. गुडघ्याच्या वर चार बोटं, आडवी ओळ, हिरवट नऊ ठिपके. मी ते रोज पाहत होते, पण गोंदण काय, अर्ध्या वॉर्डाच्या अंगावर असतं.

"नऊ वर्साची होती तवा म्या गोंदलं," यमुनाबाई म्हणाली. "डावा पाय झाला अन् उजव्याची पाळी आली त पळाली! जंगलात जाऊन लपली. अर्धं गोंदन ठेवू नये बाई, लगनाआधी तरी पुरं करा लागते. हिनं नाई केलं. आता पाहा, इकडून त्याले रस्ता मोकळा भेटला."

"म्हणजे?"

"डाव्यातलं ठिपक्याच्या खाली उतरलं काय? पाहून घ्या."

मी हसले. पण लगेच हसू आवरलं. कारण एमआरआय मी पाहिला होता. डाव्या मांडीतलं सिलिकॉन खाली सरकत सरकत येतं आणि गुडघ्याच्या वर चार बोटं एकदम थांबतं, सुरीने कापल्यासारखं. सर स्वतःच म्हणाले होते, "इथे अडायला काहीच नाही, मग अडलं कसं?" आणि गोंदणाची शाई असते वरच्या कातडीत. सिलिकॉन कितीतरी खाली, चरबीत. दोघांची गाठच पडायचं कारण नाही.

"तुमी रोज रेघ मारता ना," यमुनाबाई म्हणाली, "एक दिवस रेघ नका मारू, ठिपके काढा. उजव्यावर. नऊ."

मी म्हटलं, "बाई, हा दवाखाना आहे." तिने वाद घातला नाही. लाडू ठेवले, जयवंतीच्या तोंडावरून हात फिरवला आणि चारच्या बसने निघून गेली. ती त्यानंतर रुग्णालयात आली नाही, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी मी पाचवी रेघ मारली. तिथून गुडघ्यापर्यंत जेमतेम सहा बोटं उरली होती. मार्कर हातात तसाच होता. जयवंती नुसती मार्करकडे बघत राहिली. मी पडदा ओढला. मनात म्हटलं, पेशंटला धीर येणं हाही उपचारच, शाई फुकट आहे. खरं सांगू? मला भीती वाटत होती. तिच्या पायाची. भीती वाटली की माणूस काय करेल सांगता येत नाही.

डाव्या पायावर बोटांनी अंतर मोजलं आणि उजव्यावर ठिपके काढायला लागले. एक, दोन, तीन... सातव्याला तिला गुदगुल्या झाल्या. खुदकन हसली, पाय उडाला आणि सातवा ठिपका ओळीतून तांदळाच्या दाण्याएवढा खाली गेला.

"पाह्य, बिघडवला ना!" मी ओरडले. पाच दिवसांत ती पहिल्यांदा मनापासून हसली होती. मी तो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटीवर आले आणि हात टेकवत निघाले. गरम... गरम... गरम... ठिपके. ठिपक्यांच्या खाली गार. मी पुन्हा सुरुवातीपासून हात टेकवला. तेच. सातव्या ठिपक्यापाशी ऊब दाणाभर खाली उतरत होती आणि पुन्हा ओळीत वर येत होती. त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला, तो लिहिताना आत्ताही आलाय.

तिसऱ्या दिवशी तिथेच. चौथ्या दिवशी तिथेच. सरांनी ठिपके पाहिले. "सिस्टर, हे कोणत्या प्रोटोकॉलमध्ये बसतं?"

"सर, पेशंटच्या समाधानासाठी."

"हं. पसरणं थांबलंय मात्र. औषध लागू पडलं." त्यांनी केसच्या फाइलसाठी फोटो काढले, त्यात ठिपकेही आले.

मला हायसं वाटलं. औषध लागू पडलं, संपला विषय! पण सहाव्या दिवशी पुवाचा रिपोर्ट आला. जंतू वेगळ्याच जातीचा, क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ म्हणा. आम्ही देत होतो त्या अँटिबायोटिकचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, ठिपक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग हा थांबला कशाने?"

पाय उंच ठेवला म्हणून? तो पहिल्या दिवसापासून उंचच होता. आपोआप? चार दिवस दोन-दोन बोटं धावणारा जंतू आपोआप, नेमका नऊ ठिपक्यांवर?

पण ते सहा दिवस मिळाले, हे खरं. त्या सहा दिवसांनीच पाय वाचवला. बरोबर औषध सुरू झालं, ऊब मागे हटायला लागली आणि महिन्याभराने सरांनी ऑपरेशन केलं. मग दुसरं. सिलिकॉन सगळं कधीच निघत नाही, पण जेवढं निघालं तेवढ्याने ट्रे भरला. ऑपरेशनच्या आधी पाय घासून धुतला, त्यात माझे ठिपके गेले. मी स्वतः धुतला, म्हणून सांगते. पुढे सहा महिने गोळ्या. त्या वर्षीचा सीझन बुडाला, पण पाय अंगावर होता. वॉर्डातून निघताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली, दारापाशी हात काढला आणि उरलेली चार पावलं एकटीने टाकली. अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. साफसफाईच्या मामा-मावश्यांनीसुद्धा.

पुढच्या वर्षी तिचा फोन आला. "ताई, वडश्याले तालीम सुरू हाये. तुमी नाई आल्या त मी नाचनारच नाई." रविवारी दुपारी गेले. पत्र्याच्या हॉलमध्ये ढोलकी चालू होती आणि जयवंती नाचत होती. काय नाचत होती म्हणून सांगू! मांडीवर खड्डे पडलेत, व्रण आहेत, पण पाय असा पडत होता की पत्रे वाजत होते. मी उभ्या उभ्या रडले. रडले म्हणजे चांगली हुंदके देऊन, ढोलकीवाला वाजवायचा थांबला.

मग ती मला बाजूच्या खोलीत घेऊन गेली आणि लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं. उजवा पाय. हिरवट नऊ ठिपके, ताजं गोंदण.

माझं डोकंच फिरलं. "पुन्हा सुई टोचून घेतलीस? एवढं सोसून अक्कल नाही आली?"

"रागवू नका ना. गोळ्या संपल्यावर केलं. मेडिकलमधून बंद पाकिटातली नवी सुई यमुनाबाईकडे नेली, तुमीच शिकवलं तशी. अर्धं राह्यलं होतं ताई, पुरं केलं."

मी वाकून पाहिलं. आठ ठिपके सरळ ओळीत. सातवा तांदळाच्या दाण्याएवढा खाली.

"हा वाकडा कशाला करायला सांगितलास यमुनाबाईला?"

जयवंती माझ्याकडे बघतच राहिली. "मी काऊन सांगू? मी त डोये मिटून होती. मले वाटलं तुमीच बाईले सांगतलं."

मी यमुनाबाईला त्या चारच्या बसनंतर ना भेटले, ना बोलले. फोन करून विचारलं तेव्हा म्हणाली, "म्या काय मोजून टोचते काय बाई? जिथी जागा होती तिथी सुई गेली." चंद्रपूरला परतल्यावर सरांच्या फाइलीतला फोटो काढून पाहिला. तोच ठिपका, तेवढाच खाली.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, बोलणी बसतील. उलट ते म्हणाले, "पोरीचा पाय वाचला ना? मग लिही. न पाहिलेलं लिहिशील तर ती अंधश्रद्धा. पाहिलेलं लपवशील तर तेही खोटंच."

म्हणून लिहिलं. मी अजूनही काही मानत नाही. लिंबू दिसलं की अजूनही सरबतच आठवतं. पण त्या सातव्या ठिपक्याचं उत्तर माझ्याकडे नाही, सरांकडे नाही, आणि यमुनाबाईला तर तो प्रश्नच वाटत नाही. मी निघाले तेव्हा ढोलकी पुन्हा सुरू झाली होती आणि जयवंतीचा उजवा पाय पहिल्या ठेक्यालाच जमिनीवर पडला.