धुऱ्यावरचे चार दिवस

माझ्याच वहाणा डोक्यावर घेऊन मी पारासमोर उभा होतो. पारावर जातीचे पाच पंच. त्यांच्या शेजारी जावई, पान खात. खोटा दावा आणला म्हणून मला ही शिक्षा.

दावा खोटा नव्हता. मी मोजून आणला होता.

आमच्यात नवऱ्यानं दोन वर्षं बायकोला नांदवलं नाही, तर पंच गवताची काडी मोडून फारकत देतात. मारहाणीवर देत नाहीत. हे मी आधी विचारून घेतलं होतं. म्हणून मुलीच्या पाठीवरचे वळ मी सांगितलेच नाहीत. महिने सांगितले. त्यानं तिला हाकलल्यापासून दर अमावास्येला मी भिंतीवर कोळशाची रेघ ओढत होतो. पंचवीस रेघा झाल्या, तेव्हा बडनेऱ्याहून अकोल्याकडच्या त्याच्या गावी आलो आणि पंच बसवले.

चूक एकच झाली, ती माझी. गेल्या कार्तिकात कापसाला कधी नव्हता असा भाव आला. वेचणीला बाया मिळेनात. विहीणबाई नारळ घेऊन दारात आल्या. "चार दिस पोरगी द्या, इवाई. कापूस वाऱ्यानं उडून राहिला." मी धाडली. या निमित्तानं नांदवतील, असंही मनात होतं. पाचव्या दिवशी तिला परत आणून सोडलं.

मुख्य पंचानं तेच धरलं.

"चार दिस त्याच्या घरची भाकर खाल्ली का नाही तिनं?"

"खाल्ली."

"मंग मोजणी कार्तिकापासून. पाचच महिने झाले."

मुलगी मागून बोलली, "मले घरात घेतलं कुठी? वावराच्या बांधाले, धुऱ्यावर जेवली, धुऱ्यावरच निजली."

"धुरा बी नवऱ्याचाच," पंच म्हणाला. "बुढ्याले पोरीची नाही, जावयाच्या कापसाची दया आली म्हना."

पारावर हशा झाला. जावयाची पिचकारी माझ्या पायाजवळ पडली.

"आन् आयका. नवऱ्याचं बोलावणं आलं आन् पोरगी नाही धाडली, तर दोष तुमचा. फारकत मिळणार नाही."

वहाणांखाली मी हिशेब केला. अजून एकोणीस महिने. त्यात पुढचा कार्तिक येणार. नारळ येणार. धाडली, तर मोजणी मोडली. नाही धाडली, तर दोष आमचा. दर वेचणीला चार दिवस, आणि दोन वर्षं कधीच भरणार नाहीत.

मी वहाणा खाली घेतल्या. पायात घातल्या. पारावर चढलो. पंचांपुढं फारकतीसाठी आणलेली गवताची काडी तशीच पडली होती. उचलली आणि मोडली.

"वाळीत पडसान," पंच म्हणाला.

"टाका."

आज आमच्या घरी जातीतलं कोणी पाणी पीत नाही. भिंत मी सारवून घेतली, रेघा गेल्या. मुलगी म्हणेल तेव्हा, म्हणेल त्याच्याशी तिचा पाट लावून देईन. पंच येणार नाहीत. काडी मला मोडता येते.