मे म्हणजे महिना

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही — बायकोलेबी नाही. तुमाले सांगून राहिलो, तर आधी हसून घ्या, कारण गोष्ट खेळण्यातल्या शिशाच्या घोड्यायची आहे. साठी पार केलेला माणूस अशा गोष्टीपायी कायले झुरते? झुरते बाप्पा. एका शब्दाचा अर्थ मले चांगला माहीत होता, अन् मी तो उलटा सांगतला. त्याच्यानंतर जे केलं, ते तर त्याहून वाईट — थांबा, एकदम नाही सांगता येत.

मी भिलाईच्या प्लांटात ऑफिसातला बाबू होतो, मूळचा वर्ध्याकडचा. माझा दोस्त शामराव हटवार फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, भंडाऱ्याकडच्या धानवाल्या घरचा. दर रविवारी दुपारी माझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात प्लायवूडची पाटी टाकायची अन् तिच्यावर जुन्या काळच्या लढाया मांडायच्या. रतनपूरच्या कलचुरींची सेना त्याची, देवगिरीच्या यादवांची माझी. फासे टाकायचे, फुटपट्टीनं मोजून सैन्य सरकवायचं. बोटाच्या पेराएवढे सैनिक, घोडेस्वार, हत्ती — सगळे शामरावनं घरी साचे करून ओतलेले. माझी सेनाबी त्यानंच करून देल्ली. रंग लावताना माझ्या घोड्यायले त्यानं आपल्यापेक्षा चांगले रंग लावले, हेबी सांगून टाकतो.

खेळाच्या नियमायचं पुस्तक इंग्रजीत होतं, जाडजूड, झेरॉक्स केलेलं. शामराव आठवी शिकलेला, अक्षरं जोडत जोडत वाचे. प्लांटातले आणखी दोघं खेळाले येत, त्यायले वाचायचा कंटाळा. म्हणून नियम सांगणारा मी. कोणाचं काही अडलं, की "भाऊले विचारा." लय बरं वाटे, खोटं कायले बोलू? ऑफिसात मले कुत्रं विचारत नव्हतं. व्हरांड्यात मात्र मी हायकोर्ट होतो.

पण खेळात शामराव मले हरवे. तीन रविवार लागोपाठ हरवलं त्यानं. मोल्डरनं बाबूले हरवावं — असं आलं का माझ्या मनात? आलं. आता लाज वाटते, पण आलं.

चौथ्या रविवारी त्याच्या घोडदळानं माझी उजवी फळी मोडली. माझे भालेवाले पळत सुटले. आता त्यानं घोडे तिथंच थांबवून आत वळवले असते तर माझा राजा उघडाच पडला असता. अन् तो फुटपट्टी घेऊन वळवतच होता. मी पुस्तक उघडलं. म्हटलं, नियम पाहू. समोरचे पळाले तर घोडदळानं काय करायचं, त्या ओळीत 'मे' होतं — म्हणजे वाटलं तर पाठलाग करा, नाही तर थांबा. वीस वर्षं मी लोकायच्या सुट्टीच्या अर्जावर 'मे बी ग्रँटेड' लिहीत आलो होतो. 'मे' अन् 'मस्ट' मधला फरक मले झोपेतबी सांगता आला असता. तरी मान वर न करता मी म्हणालो, "पाठलाग कराच लागते. नियम आहे."

"हो का?" इतकंच म्हणाला तो. अन् आपल्या हातानं आपलं घोडदळ पळणाऱ्यायच्या मागं पार पाटीच्या बाहेर नेऊन ठेवलं. पाटीबाहेर गेलेलं त्या डावात परत येत नाही; मी जिंकलो. "चूक माहीच, भाऊ," शामराव म्हणाला. "पह्यलेच इचारा लागत होतं."

तुमी म्हणाल, एवढंच? खेळात लबाडी कोण नाही करत? एवढ्यावर संपलं असतं तर मीबी विसरलो असतो.

पुढच्या रविवारी तो लवकर आला. पुस्तक मागून घेतलं — पहिल्यांदाच. पायरीवर बसून, ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचून राहिला. बाकीचे दोघं आले, चहा झाला, तरी तो वाचतच होता. मग बोट न उचलता पुस्तक माझ्यापुढं घेऊन आला.

"भाऊ, इथं 'मे' कावून लिहिलं आहे?"

सापडलं होतं त्याले! पुस्तकभर हजारो शब्द, अन् आठवी शिकलेल्या माणसानं नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवलं होतं. 'चुकलं माझं' — एवढंच तर म्हणायचं होतं. मी काय केलं? मी मोठ्यानं हसलो. "अरे शामराव, मे म्हणजे महिना! मे महिन्यात लढाई झाली, उन्हानं घोडे पिसाळले, मग पळतीलच ना!" बाकीचे दोघं मांडीवर हात मारून हसले. शामरावबी हसला. पण त्याचे कान लाल झाले होते, ते मी पाहिलं. त्यानं पुस्तक मिटलं अन् दोन्ही हातानं मले परत देल्लं. "आमाले नाई जमत भाऊ हे. तुमीच सांगत जा."

बारा वर्षं झाली याले. त्यानं पुस्तकाले परत हात लावला नाही. खूप दिवसानं त्याची बायको सहज बोलून गेली — तो डाव हरल्यावर आठवडाभर शामराव ड्यूटीवरून आला की पोरीची जुनी इंग्रजीची पुस्तकं घेऊन बसे, वहीत शब्द उतरवे. पुढच्या रविवारनंतर वही बंद. मी तिले काय म्हणालो माहीत आहे? "शिकायले वय लागते वहिनी." असं म्हणालो मी.

खोटा नियम मात्र आमच्यात पक्का झाला. माझे स्वतःचे घोडे त्याच्यापायी कितीदा पाटीबाहेर गेले, मी कितीदा हरलो. हरलो की थोडं हलकं वाटे. मूर्खपणा, दुसरं काय! त्यानं शामरावचं वाचणं थोडंच परत येणार होतं?

आता आमी दोघंबी रिटायर आहो. शेजारची सून रेवती, शाळेत इतिहास शिकवते, ती हल्ली खेळाले येते. गेल्या रविवारी तिच्या घोडदळानं शामरावची फळी मोडली. त्यानं तिले नियम सांगतला — पाठलाग कराच लागते. तिनं स्टुलावरचं पुस्तक उघडलं. "काका, यहाँ तो 'मे' लिखा है. करायचं तर करा, नाही तर नका करू."

मी तोंड उघडलं होतं. निदान मले तसं वाटते. पण शामराव आधी बोलला, अगदी मायेनं. "बेटा, मीबी तिथंच फसलो होतो. भाऊनं समजावून सांगतलं. ते जिंदगीभर इंग्रजीच वाचत आले, चुकीचं कावून सांगतील?" अन् त्यानं माझ्याकडं पाहिलं. रेवतीनंबी पाहिलं. तिले कळलं होतं. पण मोठ्या माणसाले कसं म्हणावं, म्हणून ती खाली पाहून राहिली.

"शामराव बरोबर सांगून राहिला," मी म्हणालो.

तिनं आपले घोडे उचलून पाटीच्या बाहेर ठेवले. तिचा पडलेला चेहरा पाहून शामरावनं चिवड्याची प्लेट तिच्याकडं सरकवली.

"वाईट नको मानू बेटा," तो म्हणाला. "आता भाऊ कोनाले हसत नाई."