चढावरच्या काकू

रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दौलताबादच्या चढावर वाहतूक थांबली. शेजारच्या काकू नेहमीप्रमाणे अनवाणी गाडी चालवत होत्या. चपला माझ्या स्वाधीन होत्या. हलके फ्लायव्हील आणि कडक क्लच बसवल्यापासून त्यांच्या गाडीचे इंजिन पाय जरासा चुकला तरी बंद पडते. मला ती सपाट रस्त्यावरही जमत नाही. तेवढ्यात मागे एक रिक्षा अगदी खेटून उभी राहिली.

“ओ मावशी, मागं नका येऊ, नवी रिक्षा हाय!”

“मग हॉर्न नको वाजवू. इंजिन ऐकू दे मला.”

हँडब्रेकला त्यांनी हातही लावला नाही. क्लच हळूहळू सोडत, मान किंचित कलती करून आवाज ऐकला, आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी संथपणे वर निघाली.

मी नोंद केली: मागे सरकणे, शून्य सेंटिमीटर.