नर्मदाताईंचे चार गुण

नर्मदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात उत्तरपत्रिकाच तपासत बसले होते. फोन त्यांच्या सुनेचा होता. सकाळी भाजी निवडताना चक्कर आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी मी त्यांच्या घरी रोडपालीला पोहोचले, तर कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फलकसुद्धा लागलेला. नावापुढे ठळक अक्षरांत ‘एम.ए. (अर्थशास्त्र)’. घरच्यांनी कौतुकानेच घातलं असणार. मला मात्र तो फलक उतरवून टाकावासा वाटला. पाच आठवडे झाले, राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाविषयी शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

पनवेलला आमच्या कॉलेजात दूरशिक्षणाचे रविवारचे वर्ग चालतात. चौपन्नाव्या वर्षी ताई तिथे आल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि पहिल्याच तासाला म्हणाल्या, “तुमी शिकवा मॅडम, पण मला पटलं नाय तर मी मधीच विचारीन.” आणि खरंच विचारत. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. लहानपणी त्यांनी तिथे मीठ ओढलेलं, पुढे ती जमीन संपादनात गेली. अर्थशास्त्र त्यांना नोकरीसाठी नको होतं. आपल्या जमिनीचं नेमकं काय झालं, हे त्यांना स्वतःला समजून घ्यायचं होतं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत खंडाच्या, म्हणजे जमिनीच्या भाड्याच्या, सिद्धांतावर वीस गुणांचा प्रश्न आला. सिद्धांत साधा आहे: सुपीक जमिनीला खंड जास्त, हलक्या जमिनीला कमी, आणि जिच्यातून खर्चापुरतंच निघतं तिला खंडच नाही. ताईंनी तो चार ओळींत मांडला आणि मग लिहिलं, ‘आमच्या मिठागरात गवतही उगवत नव्हते. पुस्तकाप्रमाणे त्या जमिनीला खंड नाही. पण तिच्यावर आमची अकरा माणसे जेवत होती. नंतर नकाशावर रस्त्याची रेघ ओढली गेली आणि त्याच जमिनीचा भाव चढला. माती तीच होती. मग हा भाव कोणी निर्माण केला?’ पुढे अडीच पानं याच प्रश्नाचा शोध होता. मी इतकी वर्षं शिकवते आहे, इतका चांगला प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारलेला नाही.

त्या उत्तराला वीसपैकी चार गुण मिळाले. पेपरात एकूण शंभरपैकी सदतीस, म्हणजे तीन गुणांनी नापास. ताईंनी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली आणि घेऊन माझ्याकडे आल्या. त्या अडीच पानांवर परीक्षकाची एकही खूण नव्हती. असणार कशी? हल्ली आम्ही संगणकाच्या पडद्यावर तपासतो. शेजारी आदर्श उत्तर उघडलेलं असतं: व्याख्या, गृहीतकं, आकृती, टीका, प्रत्येकी पाच गुण. मुद्दा सापडला की आकडा टाकायचा आणि पान पुढे सरकवायचं. न सापडलेलं वाचायला वेळ नसतो... खरं सांगायचं तर वाचण्याची गरजच नसते. ताईंनी विचारलं, “माझा पेपर तुमच्याकडं आला असता तर किती दिलं असतं?”

मी म्हणाले, “चारच.”

त्यांनी प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि चहाला न थांबता गेल्या. पुनर्मूल्यांकनाचं उत्तर आलं, ‘गुणांत बदल नाही.’

ताई पुन्हा परीक्षेला बसल्या. योगायोगाने तोच प्रश्न. या वेळी त्यांनी व्याख्या, गृहीतकं, आकृती, टीका, सगळं पाठ करून ओळीने उतरवलं. सोळा मिळाले. पुढचे पेपरही तसेच दिले आणि एम.ए. झाल्या. मी पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी पेढा हातातच धरला. “ते सोळा माझे नाय, मॅडम. चार माझे होते.” त्यानंतर वर्गात कधी भेटायला आल्या तरी त्यांनी काही विचारलं नाही. ज्या बाईला पटत नसे ती बाई गप्प झाली. हे कोणी केलं, असं मी विद्यापीठाकडे बोट दाखवून विचारू शकते, पण तपासणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव आहे.

तेराव्यानंतर मी पुन्हा गेले. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल आहे. सुनेने ते आवरलेलं नाही, नातवंडांना हात लावू देत नाही. पुस्तकांखाली ती छायांकित प्रत होती. ताईंचे यजमान दारात उभे होते. म्हणाले, “आमाला कधी वाचून दाखवलं नाय तिनं. तुमी वाचा.” मी टेबलाशी बसून ती अडीच पानं मोठ्याने वाचली. मिठागराचं आलं तेव्हा ते खाली बसले.

वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं, “बरोबर तर लिवलंय. यात चुकलं काय?”

“काहीच नाही,” मी म्हणाले.

“मग तिला का नाय सांगितलंत?”