घेवड्याशी लावलेली पैज

झुंबरबाईच्या हाताला गुण आहे, हे घोड नदीकाठची चार गावं सांगतील. तिच्या जिभेला धार आहे, हे एकटा तिचा नवरा कोंडिबा सांगेल. बाई पंचावन्नची. निम्मं आयुष्य मेंढरांमागं पार कोकणापर्यंत पायपीट करण्यात गेलं, उरलेलं इनामगावच्या दीड एकरात. मेंढरं विकली, काठी आढ्याला खोचली, पण हाकायची सवय काही सुटली नाही. नवरा, शेरडं, आलागेला पाहुणा, सगळ्यांनी तिच्या बोटाच्या दिशेनं वळायचं. आणि गंमत अशी की बहुतेक वळायचे.

वळेना ती एकटी सून, तेजश्री. बारावी सायन्स झालेली पोर. रांजणगावच्या एका कंपनीत तिला काम लागलं होतं. सोमवारपासून हजर व्हायचं, कंपनीची बस फाट्यावर येणार. मुलगा तयार, कोंडिबा तयार. झुंबरबाई मात्र "घरात काय कमी हाय?" म्हणून अडून बसली होती.

त्याच आठवड्यात वेलघेवडा हातभर वर आला. या रानातला पहिलाच घेवडा! झुंबरबाईनं ओळीनं बांबू रोवले आणि बिरोबाचं नाव घेत एकेक वेल बांबूभोवती गुंडाळली, देवळाला प्रदक्षिणा घालतात तशी, बांबू उजव्या अंगाला ठेवून.

तेजश्री बांधावरून बघत होती. "आत्याबाई, घेवडा असा न्हाई फिरत. त्याची दिशा ठरल्याली असती. तो बरोब्बर उलटा जातो."

"उलटी प्रदक्षिणा? माझ्या रानात? देव काय म्हणंल!"

"मग लावा पैज. शनवारपत्तुर तुमच्या दिशेनं चढला, तर मी कंपनीचं नाव काढणार न्हाई. उलटा चढला, तर सोमवारी मी बसमदी."

झुंबरबाईला हसू आवरेना. चारशे मेंढरं वळवलेल्या बाईला दोनशे वेली जड? "लागली!" ती म्हणाली.

बुधवारी सकाळी बघते तर निम्म्या वेली सुटून लोंबत होत्या. तिनं परत गुंडाळल्या. गुरुवारी परत सुटलेल्या, आणि काही तर उलट्या बाजूनं बांबूला गळामिठी मारून बसलेल्या. मग बाई चिडली. जुनं लुगडं फाडलं, चिंध्या केल्या आणि एकेक वेल आपल्या दिशेनं बांधूनच टाकली. ही सरळसरळ लबाडी होती, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर तिनं ती दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर केली. शुक्रवारी गाठीपर्यंत वेल शहाण्यासारखी होती. गाठीच्या वर शेंडा वळून पुन्हा उलटा!

कोंडिबा पोट धरून बांधावर बसला. "तुझ्यापरीस हट्टी कोणतरी घावलं बघ!"

"वेलीला काय हात हायेत व्हय? सूनच येऊन सोडती," झुंबरबाई म्हणाली.

चोर पकडायचाच, म्हणून शनिवारी दिवस उगवताच ती भाकरी-ठेचा बांधून रानात राखणीला बसली. समोरच्या वेलीचा मोकळा शेंडा हवेत तरंगत होता, नदीकडं तोंड करून. सून काही आली नाही. झुंबरबाईनं भाकरी खाल्ली, मान वर केली, तर शेंडा विहिरीकडं बघतोय! वारा तर पान हलण्यापुरताही नव्हता. तिनं मातीत काडी रोवून खूण केली आणि डोळे मोठे करून बसली. जरा वेळानं शेंडा बाभळीकडं. मग हळूच परत नदीकडं. आंधळ्यानं हात फिरवून दार चाचपावं तसा शेंडा हवेत गोल गोल फिरत आधार शोधत होता, आणि फिरत होता उलटाच.

"आगं बाई! चालतीया की ही!"

तिनं दुसरी वेल बघितली. तीही फिरत होती. तिसरी, चौथी, अख्खी ओळ! दोनशे शेंडे एकाच बाजूनं फिरत होते, एकालाही घाई नव्हती. झुंबरबाईची मान त्यांच्याबरोबर फिरू लागली, मग खांदे, मग ती उठून स्वतःच फिरली, उलटी, पदर सोडून, आणि घेरी येऊन सरीत बसली. बसल्या बसल्या इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. पंचावन्न वर्षं रानात काढली आणि रान हलताना आज बघितलं होतं! आनंद तिच्या पोटात मावेना. मग तिनं उठून आपल्याच हातानं सगळ्या चिंध्या सोडल्या.

घरी आली ती भिंतीला धरून. तेजश्री धुणं टाकून धावली. "काय झालं, आत्याबाई? चक्कर आली व्हय?"

"आली की! हरले गं, चांगली हरले!" झुंबरबाई उंबऱ्यावर टेकली, अजून हसतच होती. मग तिनं सुनेचा ओला हात धरला. "माझ्या लग्नात मला कुणी इचारलं न्हाई, कुठं जायचंय म्हणून. मेंढरांमागं लावून दिली. तू तर न इचारता सांगत होतीस, तरी म्या ऐकलं न्हाई. बस कवा येती?"

"साडेसहाला."

"मंग मी पाचला उठती. घेवडा अजून लागायचाय, डब्याला बटाट्याचीच भाजी करती."