मावशींचा रोजचा नेम

कडक इस्त्रीची सुती साडी, त्यावर राखाडी कार्डिगन, आणि उजव्या हातात पिस्तूल अशा थाटात उभं राहून दहा मीटरवरच्या कागदी ठिपक्याला बरोबर मधोमध भोक पाडणारी बाई अख्ख्या ग्रेट ब्रिटनमध्ये एकच असणार, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी आहे. हे लग्नाआधी कळलं असतं तर सासरच्या मंडळींशी बोलताना मी आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवला असता. पण पुण्यात बोलणी चालली होती तेव्हा मला एवढंच सांगितलं गेलं, की मावशी लंडनला डॉक्टर आहेत आणि जरा शिस्तीच्या आहेत. 'जरा' हा शब्द माझ्या सासूबाईंनी वापरला होता. सख्ख्या बहिणीबद्दल माणूस यापेक्षा जास्त काय बोलणार?

दोन हजार दोन साली कंपनीने मला लंडनला पाठवलं आणि आम्ही दोघं स्टॅनमोरला, मावशींपासून चालत दहा मिनिटांवर, भाड्याने राहायला आलो. पहिल्याच शनिवारी भेटायला गेलो तर काकांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काका म्हणजे मावशींचे यजमान, हाडांचे निवृत्त सर्जन. "आत चालू आहे," ते कुजबुजले. मला वाटलं, पूजा असेल. मी बूट काढले, हात जोडायच्या तयारीत आत डोकावलो, तर पॅसेजमध्ये मावशी भिंतीवरच्या कोऱ्या कागदावर पिस्तूल रोखून उभ्या. डावा हात कार्डिगनच्या खिशात, चेहरा समाधी लागल्यासारखा. टक्. हात खाली. मग पुन्हा वर. टक्. पिस्तूल रिकामं होतं हे मला नंतर कळलं. अखेर स्वयंपाकघरातला टायमर वाजला, मावशींनी पिस्तूल पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "या जावईबापू. चहा घेणार ना?" मी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

खरं पिस्तूल बाळगायला या देशात बंदी. उरलं ते हवेच्या दाबाने छर्रा उडवणारं, खेळातलं. मावशींनी तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत रोग्यांना भूल दिली आणि निवृत्त झाल्यावर, इतर डॉक्टरीणबाया जिथे बागकाम किंवा ब्रिज निवडतात, तिथे यांनी लायब्ररीतल्या बोर्डावर एअर पिस्तूल क्लबची चिठ्ठी पाहिली. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता पंधरा मिनिटं घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव, आणि मंगळवारी व शुक्रवारी क्लबात छर्रे घालून. हे वेळापत्रक सूर्याला एखाद वेळी चुकवता आलं असतं, मावशींना नाही. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायची वेळ चारची होती. मावशी पावणेपाचला पोचल्या. काकांनी तोंड फुगवलं तर म्हणाल्या, "तुमचा हर्निया कुठे पळून चालला होता?" सरावाबद्दल त्यांचा सिद्धांत पक्का होता. आठवड्यातून एकदा तीन तास घाम गाळणाऱ्याला त्या 'हौशी' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा शिळी भाजी हुंगल्यासारखा होई. "रोज थोडं. अगदी थोडं. पण रोज. हाताला विसरायला वेळच द्यायचा नाही," त्या सांगत. गणपतीत मंडळाची आरती नेमकी चारला ठेवली, तर हॉलच्या मागच्या कोठीत जाऊन, पिस्तूल नाही म्हणून, नुसता हात उचलून त्यांनी पंधरा मिनिटं भरून काढली. प्रसादाचं ताट न्यायला आलेल्या एका नव्या सुनेने ते पाहिलं आणि बिचारी मोदक तिथेच ठेवून परत गेली.

एकदा शेजारच्या घराच्या काचा पुसणाऱ्या माणसाने शिडीवरून मावशींना पाहिलं आणि फोन लावला. दहा मिनिटांत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोलिसांच्या गाड्या. मावशी हात वर करून, पदर सावरता येत नाही म्हणून चिडलेल्या अशा, बाहेर आल्या. पेटी तपासली, कागद तपासले, खुलासा झाला. मग मावशींची पाळी आली. त्यांनी त्यातल्या बंदूकधारी पोलिसाला विचारलं, "तुम्ही सराव कितीदा करता?" तो उंचापुरा गडी खाली बघत म्हणाला, "मॅडम, हवा तितका होत नाही." त्याला चहाबरोबर चकली आणि वीस मिनिटांचं व्याख्यान मिळालं. जाड पडदे त्याच आठवड्यात आले.

पण मावशी मला खऱ्या कळल्या त्या त्यांच्या दिरांचा मुलगा, निनाद, टेक्सासहून आला तेव्हा. दोन हजार सहाचा उन्हाळा. ऑफिसच्या कामासाठी आलेला, दहा दिवस काकांकडेच राहिलेला. गोरा, गुटगुटीत, मोठ्याने हसणारा मुलगा. रविवारी आम्हीही जेवायला होतो. बोलता बोलता त्याने कमरेवर हात मारला आणि म्हणाला, "इथे एकदम हलकं हलकं वाटतं. तिकडे कायम गन असते ना शर्टाखाली. लायसन्स आहे."

मावशींचा आमटीचा डाव हवेतच थांबला. "सराव कितीदा करतोस?"

"लायसन्सच्या वेळी पन्नास गोळ्या मारल्या होत्या, काकू. फर्स्ट अटेम्प्टमध्ये पास."

"कधी?"

"दोन हजार तीनला."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला? सायकलसारखं असतं ते. एकदा आलं की आलं."

मावशींनी डाव पातेल्यात ठेवला. "निनाद, सायकल चुकली तर तू पडतोस. हे चुकलं तर दुसराच कुणीतरी पडतो." काकांनी घाईघाईने लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

मंगळवारी त्याला क्लबात नेण्यात आलं आणि साक्षीदार म्हणून मलाही. क्लब म्हणजे एका चर्चमागचा जुना हॉल. सेक्रेटरी एक ऐंशीच्या घरातले इंग्रज आजोबा, मावशींना 'डॉक्टर' म्हणून वाकून नमस्कार करणारे. निनादने बाह्या सरसावल्या आणि दहा छर्रे मारले. कागदावर भोकं तीन. चौथं शेजारच्या बाईंच्या कागदावर, तेही अगदी मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळात. आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "या बाईंच्या वतीने मी आपले आभार मानतो, सर." सगळा हॉल हसला. निनादही हसला, पण कान लाल झाले होते. पिस्तूल त्याने तापलेल्या तव्यासारखं झटकन खाली ठेवलं, आणि ते मावशींनी पाहिलं.

परतताना गाडीत मावशी पुढे, तो मागे. त्यांनी मागे न वळता विचारलं, "भीती कसली वाटते?"

मग तो बोलायला लागला. पार्किंगमध्ये एकदा कुणीतरी चाकू दाखवून त्याला लुबाडलं होतं, म्हणून गन घेतली. मग एके दिवशी भर दुपारी घरात असताना गॅरेजच्या बाजूने आवाज आला. त्याने गन काढली, रोखली, आणि दार उघडून आत आले ते नागपूरहून महिनाभरासाठी आलेले त्याचे सासरे, हातात झाडांना पाणी घालायची झारी घेऊन. "माझं बोट चापावर होतं, काकू. ते मला बघून हसले. त्यांना वाटलं, नातीचं खेळणं आहे." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यानंतर मी सरावाला रेंजवर गेलोच नाही. हातात घेतली की तेच दिसतं. पण घराबाहेर पडताना कमरेला लावल्याशिवायही पाऊल उचलत नाही."

मला वाटलं, आता व्याख्यान सुरू होणार. पण मावशींनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरल्या आणि मागच्या सीटवर त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मीसुद्धा एकदा चुकले होते. नवीन होते. भूल देताना रोग्याचा श्वास थांबला. वाचला तो, दुसऱ्या डॉक्टरमुळे. मला त्यानंतर ऑपरेशन थिएटरच्या दाराला हात लावायची भीती वाटायची. माझे सर म्हणाले, एक तर रोज ये, नाहीतर मुळीच येऊ नकोस. मधलं काही नाही." मग त्याच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाल्या, "तुला मी तेच सांगते. कपाटात कुलूप लावून ठेव. आधी शिक, भीती जाईपर्यंत. आणि गेली नाही, तर विकून टाक. कमीपणा नाही त्यात."

उरलेले दिवस पॅसेजमध्ये चार वाजता दोघं एकामागे एक उभे असत. काका म्हणत, "घरात राहतोय की छावणीत, कळत नाही." निनाद परत गेला. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, गन तिजोरीत आहे आणि गुरुवार-शनिवार रेंजवर जातो. आणखी सहा महिन्यांनी दुसरा फोन आला. आता त्याचा नेम छान बसत होता, आणि नेम बसायला लागल्यावर कमरेला काही लावावंसंच वाटेना, म्हणून गन विकली आणि खेळातलं पिस्तूल घेतलं. मावशींनी फोन ठेवला आणि त्या दिवशी, मी पाहिलेल्या एकाच दिवशी, चार वाजून गेले तरी त्या खिडकीपाशी नुसत्या बसून राहिल्या.

दोन वर्षांनी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. वयाचा, किरकोळ, डॉक्टर म्हणाले. चहाचा कपसुद्धा हलत नसे. पण दहा मीटरवर तेवढंही पुष्कळ होतं. मावशींनी एका मंगळवारी सलग तीन कागदांवर इकडेतिकडे पडलेली भोकं पाहिली, पिस्तूल पुसलं आणि क्लबातल्या नवशिक्यांसाठी म्हणून सेक्रेटरी आजोबांच्या हाती दिलं. आजोबांनी रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

त्या संध्याकाळी मावशींना मीच घरी आणत होतो. जूनमधला लांबलेला उजेड, रस्त्यावर गर्दी नव्हती. मावशी दिवसभराच्या दमलेल्या, सीटवर मान टेकून झोपी गेल्या. दोन्ही हात मांडीवर, उजव्यावर डावा ठेवलेला, लहान मुलाला निजवताना ठेवतात तसा; दमल्यामुळे उजवा अजून किंचित हलत होता. त्यांच्या घराचं वळण आलं. मी वळलो नाही. गाडी हळूच पुढे नेली, आणि तो हात शांत होईपर्यंत स्टॅनमोरच्या गल्ल्यांतून तशीच फिरवत राहिलो.